सरळ रेघ : हवाई सर्वेक्षणातील पहिली नोकरी

(शाळेच्या स्मृती व्याख्यानमालेत, पीथमपूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला याच इमारतीत त्रिकोणमिती शिकवली. त्या वर्गात शेवटच्या बाकावर बसणाऱ्या मुलाला आज व्यासपीठावर उभे राहण्याचा मान मिळावा, हे माझे भाग्य समजतो. मी विद्वान नाही. पोटासाठी विमान चालवले, तेही प्रवाशांचे नव्हे. आकाशातून जमिनीची मोजणी करणाऱ्या विमानात मी वीस वर्षे काढली. त्यांतील शेवटची काही वर्षे नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेण्याचे कामही माझ्याकडे आले. म्हणून विषय साधाच निवडला आहे : हवाई सर्वेक्षणातील पहिली नोकरी कशी मिळते आणि ती देणारा माणूस नेमके काय पाहतो.

आपल्यापैकी अनेकांची कुटुंबे माझ्या वडिलांप्रमाणेच येथे आली. १९८० च्या दशकात पीथमपूरला औद्योगिक वसाहत उभी राहिली. बजाज टेम्पो, कायनेटिक होंडा, आयशर यांचे कारखाने आले, आणि पुण्याकडची कित्येक मराठी घरे बिऱ्हाड बांधून माळव्यात उतरली. इंदूर, धार आणि देवास येथे मराठी आधीपासून होतीच. होळकरांच्या आणि पवारांच्या राज्यांनी ती रुजवली होती. आम्ही मात्र तलवारीमागून नव्हे, लेथ मशीनमागून आलो. वडील टूलरूममध्ये फिटर होते. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी ते दिवस दिवस घालवत. आकाशाशी आमच्या घराचा संबंध पतंगापुरता होता.

मोजणीच्या दृष्टीने पाहिले तर मात्र आपला हा मुलूख सामान्य नाही. येथून काही तासांच्या अंतरावरील उज्जयिनीवरून प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांनी आपली मध्यरेषा कल्पिली. माळव्याच्याच उत्तरेस, सिरोंज येथे, जॉर्ज एव्हरेस्ट याने १८२४ च्या सुमारास महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची एक आधाररेषा मोजली. त्या सर्वेक्षणाचा आरंभ १८०२ साली मद्रासजवळ करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ साली वारला, तो विदर्भातील हिंगणघाट येथे. त्याची समाधी तेथे आहे. या माणसांनी साखळ्या ओढत आणि टेकड्यांवर मचाण बांधत देश मोजला. पुढे १९२४ साली, तेव्हा हिंदुस्थानच्या राज्यकारभारात असलेल्या ब्रह्मदेशात, इरावतीच्या मुखाकडील जंगलांचे विमानातून छायाचित्रण झाले. पायी हिंडायला वर्षे लागली असती अशी दलदल त्यामुळे कागदावर आली. १९७४ साली हैदराबादेस राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्था निघाली आणि हे काम तिच्या विमानांतूनही होऊ लागले. भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने खनिजांच्या शोधासाठी चुंबकीय मापन करणारी विमाने वापरली. मी ज्या क्षेत्रात शिरलो, त्याच्या मागे एवढा इतिहास होता. मला त्यातले काहीच ठाऊक नव्हते. मला फक्त उडायचे होते.

आता कामाचे स्वरूप सांगतो, कारण ते कळल्याशिवाय नोकरीचे मर्म कळणार नाही. असे समजा की पीथमपूरच्या परिसराचा एकास दहा हजार या प्रमाणाचा फोटो हवा आहे. माझ्या काळच्या कॅमेऱ्याच्या भिंगाचे नाभीय अंतर १५२ मिलिमीटर असे. त्याला दहा हजाराने गुणा : विमान जमिनीपासून १,५२० मीटर उंचीवर हवे. फिल्मची चौकट २३ सेंटिमीटरची, म्हणजे एका छायाचित्रात २.३ किलोमीटर लांबरुंद चौरस मावतो. पण दोन छायाचित्रे नुसती एकमेकांना चिकटून भागत नाही. उंचसखल भाग दिसायचा तर एकच जागा दोन ठिकाणांहून टिपलेली असावी लागते. आपले दोन डोळे करतात तेच हे काम. म्हणून पुढचे छायाचित्र मागच्यावर साठ टक्के चढवतात, आणि शेजारची पट्टी या पट्टीवर तीस टक्के. हिशेब केला तर दर ९२० मीटरला एक छायाचित्र आणि दोन रेघांमध्ये १,६१० मीटर अंतर. विमानाचा वेग ताशी दोनशे किलोमीटर असेल तर दर साडेसोळा सेकंदांनी कॅमेरा उघडतो. वैमानिकाने काय करायचे? सरळ जायचे. उंची बदलायची नाही, पंख कलू द्यायचे नाहीत. रेघ संपली की वळायचे आणि शेजारच्या रेघेवर परत यायचे. शेत नांगरणाऱ्याला हे सांगायला नको.

वारा नसता तर हे काम कोणीही केले असते. ताशी १२० सागरी मैल वेगाच्या विमानाला बाजूने वीस मैलांचा वारा लागला, तर नाक जवळजवळ दहा अंश वाऱ्याकडे वळवून खेकड्यासारखे तिरके उडावे लागते, तेव्हा कुठे मार्ग सरळ पडतो. नाक वळवले नाही तर विमान रेघ सोडते. वळवले आणि कॅमेरा तेवढाच उलट फिरवला नाही तर छायाचित्रे एकमेकांना कोपऱ्यांनी भिडतात. वीस भागिले एकशेवीस, गुणिले साठ : हा तोंडी हिशेब गुरुजींनी आम्हाला वेगळ्याच निमित्ताने शिकवला होता. लहान कोनाची ज्या आणि कोन यांचे नाते समजावताना ते म्हणत, "साठात एक सरकला तर एक अंश चुकला." ते वाक्य मला पुढे आयुष्यभर पुरले.

आणि जमीन? तीही सपाट नाही. आपले पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे ते सहाशे मीटरांवर आहे. महूच्या पुढे जाम घाटाशी ते तुटते आणि निमाड एकदम चारशे मीटर खाली जातो. वरून त्याच उंचीने पुढे गेलात तर निमाडात प्रमाण एकास दहा हजार राहत नाही, एकास साडेबारा हजारांच्याही पुढे जाते. उलट जानापावसारख्या टेकडीवर विमान आणि जमीन यांतले अंतर घटते, छायाचित्रात मावणारा चौरस आखडतो आणि दोन पट्ट्यांमधील आच्छादन पातळ होते. उड्डाणाची आखणी करणाऱ्याला हे आधी टेबलावर पाहावे लागते. टेबलावरचे हे काम आणि आकाशातले काम निराळे नाही. मला नोकरी मिळाली ती याच टेबलामुळे.

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मी २००२ साली मिळवला. त्याच्या अटी थोडक्यात सांगतो. बारावीला पदार्थविज्ञान आणि गणित, प्रथम श्रेणीची वैद्यकीय तपासणी, हवाई दिशानिर्धारण, हवामानशास्त्र, विमान नियम आणि तांत्रिक विषय यांच्या लेखी परीक्षांत सत्तर टक्के, रेडिओ-दूरध्वनीचा परवाना, आणि दोनशे तास उड्डाण, त्यांपैकी शंभर तास स्वतःच्या जबाबदारीवर. या दोनशे तासांपायी वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी संपला आणि आईच्या पाटल्या गेल्या. आज हाच खर्च पन्नास लाखांच्या आसपास जातो असे ऐकतो.

आणि याच तासांपाशी माझी परीक्षा झाली. मी शिकत होतो त्या ठिकाणी पावसाळ्यात एकमेव चालू विमान सुट्या भागासाठी अडकले. माझे अकरा तास उरले होते. परीक्षांची मुदत संपत आली होती, घरी पैसे संपले होते. तेथील एका जबाबदार गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सांगितले की तास नोंदवहीत लिहून टाक, सही मिळेल, सगळेच लिहितात. मला तो मार्ग वाईट वाटला नाही, हे आज प्रामाणिकपणे कबूल करतो. मला तो सोयीचा वाटला. इंदूरहून येताना मी शाळेच्या कोपऱ्यावर उतरलो आणि गुरुजींच्या घरी गेलो. त्यांना विमानातले काही कळत नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, "अकरा तासांत तू काय शिकणार होतास?" मी म्हणालो, रात्रीचे उतरणे. ते म्हणाले, "मग रात्री उतरायची वेळ आली म्हणजे ती वही उतरेल का?" मी घरी आलो आणि पाच महिने थांबलो. त्या पाच महिन्यांत इतर मुले पुढे गेली, वडील माझ्याशी फारसे बोलले नाहीत, आणि मी दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या.

परवाना हाती आला तेव्हा बाजार थंड होता. सप्टेंबर २००१ नंतर जगभर विमान कंपन्यांनी भरती आवरली होती. सर्वेक्षण करणाऱ्या संस्थांकडे मी अर्ज केले. दोन ठिकाणी नकार मिळाला, आणि नकाराचे कारण बरोबर होते. सर्वेक्षणाचे विमान बहुधा दोन इंजिनांचे असते. त्याची पात्रता आणि उपकरणांच्या आधारे उडण्याची पात्रता माझ्याकडे नव्हती. त्याहून मोठी अडचण अशी की अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही. परदेशांत, विशेषतः अमेरिकेत, एका इंजिनाच्या लहान विमानांतून छायाचित्रण चालते आणि नवशिक्यांना तेथे तास जमवता येतात. आपल्याकडे या कामाची विमाने थोडी, त्यामुळे जागाही थोड्या. शिवाय आपल्याकडे हवाई छायाचित्रणावर शासनाचे बारीक लक्ष असे. १९३७ च्या विमान नियमांतील तेराव्या नियमाप्रमाणे परवानगीशिवाय विमानातून छायाचित्र काढता येत नसे. संरक्षण खात्याची मंजुरीही लागे. अशा कामावर कोणाला घ्यायचे, याचा विचार नोकरी देणारा दहा वेळा करतो.

तिसऱ्या ठिकाणी मी वैमानिकाची जागा मागितलीच नाही. आखणीच्या टेबलावर मदतनीस म्हणून घ्या, असे म्हणालो. नकाशांवर रेघा आखणे, जमिनीच्या उंचीवरून प्रत्येक रेघेची उंची काढणे, सूर्य तीस अंशांवर केव्हा येतो याचे कोष्टक करणे, फिल्मच्या पेट्या उचलणे. मुलाखत घेणारे वयस्क कॅप्टन होते. त्यांनी माझी उड्डाण-नोंदवही मागितली. ती चाळत ते पावसाळ्याच्या पानावर थांबले. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर कोरे होते. "हे काय?" "पाऊस होता आणि विमान बंद होते." ते बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग म्हणाले की त्याच मोसमात त्याच भागात चाळीस-चाळीस तास उडालेल्या मुलांच्या वह्या त्यांनी त्या आठवड्यात पाहिल्या होत्या. पुढे त्यांनी आडव्या वाऱ्याचा एक हिशेब तोंडी घातला. साठात एक. सोमवारपासून ये, म्हणाले.

टेबलावर मी चौदा महिने होतो. मिळालेल्या पगारातून आणि थोड्या कर्जातून दोन इंजिनांची पात्रता मिळवली. ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कनची उड्डाणे सुरू झाली, २००५ मध्ये किंगफिशर आली, २००६ मध्ये इंडिगो. अनुभवी वैमानिकांना एकदम मागणी आली. आमचे सहवैमानिक एका प्रवासी कंपनीत गेले आणि उजवीकडची खुर्ची रिकामी झाली. ती मला मिळाली, कारण त्या भागातील प्रत्येक रेघ मी आधीच कागदावर उडालो होतो. विद्यार्थ्यांनी हे नीट लक्षात घ्यावे. सर्वेक्षणातील नवख्याची जागा मोठ्या कंपन्यांच्या भरती-ओहोटीवर अवलंबून असते. भरती असली की वरचे निघून जातात आणि खाली दार उघडते. २०१२ साली किंगफिशर आणि २०१९ साली जेट एअरवेज बंद पडली, २०२० साली महामारी आली; त्या त्या वेळी हजारो तासांचे वैमानिक आमच्या लहान दारापाशी उभे राहिले, आणि दोनशे तासांच्या मुलाला मी हात जोडून परत पाठवले. त्यात त्याचा दोष नव्हता. ओहोटीत दाराजवळ टिकून राहणे, हाच त्यावर उपाय असतो.

खुर्ची मिळाल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात माझ्या हातून चूक झाली. डोंगराळ भागात काम चालू होते. एका रेघेवर विमान माझ्या हाती होते. वारा बदलला ते मला उशिरा कळले आणि एका उंच टेकाडावर रेघ सुमारे तीनशे मीटर सरकली. सपाटीवर ती चूक शेजारच्या आच्छादनात खपली असती. पण टेकाड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा पावणेतीनशे मीटर उंच, त्यामुळे तेथे चौरस आखडून १,८८० मीटरांवर आला होता आणि दोन रेघांमधले अंतर माझ्यामुळे १,९१० झाले होते. तीस मीटरांची फट. कॅप्टन त्या वेळी दुसऱ्या रेघेच्या आकड्यांत होते. त्यांच्या लक्षात आले नाही. फिल्म धुऊन निघायला तीन आठवडे लागणार होते. मी त्या दिवशी गप्प राहिलो. रात्री झोप लागली नाही, पण मी उठून त्यांच्या खोलीकडेही गेलो नाही. सकाळी, विमानात इंधन भरत असताना, त्यांना सांगितले. नोकरी गेली असे समजूनच सांगितले. ते म्हणाले, "काल संध्याकाळी सांगितले असतेस तर आज पहिल्या प्रकाशात तीच रेघ घेतली असती. आता ढग चढायच्या आत घाई करावी लागेल." एवढेच. आम्ही ती रेघ पुन्हा उडालो. तीन आठवड्यांनी कळले असते तर तोवर चमू दुसऱ्या राज्यात गेला असता आणि त्या फटीसाठी पुढचा मोसम उजाडावा लागला असता.

तीस मीटरांची फट म्हणजे किती, असे कोणाला वाटेल. आपल्या गावात हा प्रश्न विचारण्याची गरज नाही. या वसाहतीच्या रस्त्यांखाली, कारखान्यांखाली एके काळी शेते होती. माझ्या वर्गातील कित्येक मुले त्या शेतांच्या मालकांची होती. बांध कोठे होता, विहीर कोणाच्या गटात होती, यावर घराघरांत वाद झाले आणि भाऊ भावाशी बोलेनासा झाला. नकाशावरची तीस मीटर कोरी जागा ही कोणाची तरी विहीर असते. वरून उडणाऱ्याला ती विहीर दिसत नाही, आणि रेघ चुकली हे त्याच्याखेरीज त्या क्षणी कोणालाही ठाऊक नसते. म्हणून मुलाखतीला बसल्यावर मी तासांचा आकडा शेवटी पाही. आधी कोरी पाने शोधी. कोरे पान ज्याने कोरे ठेवले, तो चुकलेली रेघ सांगेल असा भरवसा मला वाटे. २०११ साली आपल्या देशात वैमानिकांच्या परवान्यांसाठी बनावट गुणपत्रिका दिल्याची प्रकरणे उघडकीस आली, तेव्हा पुष्कळांना धक्का बसला. ज्यांनी नोंदवह्या तपासल्या होत्या त्यांना तो फारसा बसला नाही.

आता आजची स्थिती. कॅमेरे अंकीय झाले, फिल्म गेली. उपग्रहांच्या आधाराने विमानाची जागा क्षणोक्षणी कळते, संगणक स्वतःच कॅमेरा उघडतो, आणि कॅमेऱ्याचा पाळणा वाऱ्याचा तिरकेपणा आपोआप सावरतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरील पुष्कळ बंधने शासनाने उठवली. त्याच वर्षी २५ ऑगस्टला ड्रोन नियम आले. १८ वर्षे पूर्ण झालेल्या, दहावी उत्तीर्ण व्यक्तीला मान्यताप्राप्त संस्थेत शिकून दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र घेता येते. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र पहिल्या राज्यांत होते; गावठाणातील घरांची मोजणी ड्रोनने झाली आणि लोकांच्या हाती घराचे कागद आले. मोठ्या प्रदेशासाठी आणि खनिजांच्या शोधासाठी माणूस बसलेले विमान अजून लागते. २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हवाई भूभौतिक कार्यक्रमात जमिनीपासून ८० मीटर उंचीवर, तीनशे तीनशे मीटरांच्या अंतराने रेघा उडण्याची आखणी होती. एवढ्या खालून तासन् तास सरळ उडणे म्हणजे काय, हे उडणाऱ्यालाच कळते.

तेव्हा या वाटेने येऊ इच्छिणाऱ्यांना माझे सांगणे असे. केवळ सर्वेक्षणाची नोकरी धरून घर गहाण टाकू नका. या जागा बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. परवाना घ्यायचाच असेल तर दोन इंजिनांच्या आणि उपकरण-उड्डाणाच्या पात्रतेचा खर्च आरंभीच हिशेबात धरा. जमिनीवरून आत शिरा : भूमापन, छायाचित्रमिती, ड्रोन यांपैकी एक तरी विद्या हाती असू द्या. अर्जात विमानांची नावे लिहाल त्याआधी तुम्ही आखलेला एखादा भाग, त्याच्या रेघा, उंच्या आणि वाऱ्याचा हिशेब जोडा, वाचणारा थांबेल. आणि मुलींनी हे काम आपले नाही असे मानू नये. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांच्या नेतृत्वाखाली केवळ स्त्रियांच्या चमूने फोकर विमान नेले होते. माझ्या हाताखाली तयार झालेल्यांत सर्वांत सरळ रेघ एका मुलीची पडत असे.

अध्यक्षमहाराज, गुरुजींना मी विमानात कधी बसवू शकलो नाही. सर्वेक्षणाच्या विमानात पाहुण्याला जागा नसते. एका हिवाळ्यात सुट्टीवर आलो असता मी त्यांना आमच्या एका कामाची दोन छायाचित्रे आणि त्रिमितीदर्शक भिंग दाखवायला नेले होते. त्यांनी भिंगावर डोळे टेकवले. टेकडी कागदातून वर आली तेव्हा त्यांनी पटकन मान मागे घेतली, मग पुन्हा वाकून बराच वेळ पाहत राहिले. शेवटी विचारले, "हे दोन फोटो घेतले त्यांच्यामध्ये अंतर किती?" मी म्हणालो, नऊशे वीस मीटर. त्यांनी चष्मा पुसला आणि मनातल्या मनात उंचीचे गुणोत्तर काढू लागले. मी त्यांच्या ओट्यावर बसून उत्तराची वाट पाहिली. उत्तर बरोबर आले.